‘करून राहिलो’ची बाजू

लढाईच्या वर्षांत मी जबलपूरजवळच्या खमरियात मुलांना मराठी शिकवत होते, आणि त्याच वर्षांत मला चार बायकांसमोर सांगण्यात आलं की मला मराठी येत नाही. मी ते तेव्हा मानलं नाही. आजही मानत नाही. का मानत नाही, ते सांगते.

आमचं क्वार्टर कारखान्याच्या वसाहतीतलं. बाबा तोफगोळ्यांत दारू भरण्याच्या विभागात होते. आईचं माहेर शहरात, चेरीतालला. तिचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे मराठी आमच्या घरात कितीतरी पिढ्यांची, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. दूधवाल्याशी हिंदीत सुरू केलेलं वाक्य आई वळून माझ्याशी मराठीत संपवायची. ‘का’ म्हणायच्या ठिकाणी आम्ही ‘काहून’ म्हणायचो आणि ‘मी जेवतोय’ म्हणायच्या ठिकाणी ‘मी जेवून राहिलो’. आमच्या ओळखीची सगळी मराठी घरं, रेल्वेतली, टपाल खात्यातली, कारखान्यातली, असंच बोलायची. याहून वेगळी मराठी असते हे आम्हाला पुस्तकांतून आणि सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांकडून कळायचं.

मी बसने शहरात जाऊन संस्कृत आणि हिंदी घेऊन बी.ए. केलं आणि घरी बसले. नोकरी मिळत नव्हती. लग्नाचं बघायचं तर बाबांना सुट्टी नव्हती, कारण तेव्हा पूर्वेकडच्या लढाईची चिन्हं दिसायला लागली होती आणि कारखाना दोन पाळ्यांवरून तीनवर गेला होता. वसाहतीतल्या मराठी मंडळाला एक काळजी लागली होती. मुलांना मराठी समजते, पण ती उत्तर हिंदीत देतात. म्हणून मंडळाने दर रविवारी सकाळी आपल्या पत्र्याच्या हॉलमध्ये वर्ग सुरू केला आणि रिकामी बी.ए. म्हणून तो मला दिला.

पहिले काही रविवार मी पुस्तकातून शिकवलं. मुलं जांभया द्यायची. मग एकदा एक नऊ-दहा वर्षांची मुलगी उशिरा आली. मी कारण विचारलं तर म्हणाली, बाबा भोंगले, मग आईने मला दूध आणायला पाठवलं. कोणी हसलं नाही. सगळ्या वर्गाला ते कळलं होतं, एकटी मीच अडले होते. विचारल्यावर समजलं की तो त्या मुलांच्या गल्लीतला शब्द होता. कारखान्याचा भोंगा झाला की हातातला घास टाकून सायकल काढायची आणि गेटकडे सुटायचं, याला ती पोरं ‘भोंगणं’ म्हणायची.

मी तो शब्द फळ्यावर लिहिला. म्हटलं, चला, याचं काय काय होतं ते सांगा. भोंगतो, भोंगला, भोंगणार, भोंगायला हवं, अशी मुलं ओरडायला लागली. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, सुपरवायझर सगळ्यांना भोंगवतो. मी खडू धरून उभीच राहिले. ‘करतो’चं ‘करवतो’ होतं, ‘उठतो’चं ‘उठवतो’ होतं, हे त्या मुलाला मी शिकवलेलं नव्हतं, पुस्तकातला तो धडा तर अजून पुष्कळ पुढे होता. गल्लीत जन्मलेल्या शब्दाला त्याने मराठीचा खराखुरा प्रत्यय लावला होता, तोही योग्य जागी. त्या दिवसापासून मी पुस्तक मिटलं आणि मुलांच्याच तोंडचे शब्द सोडवून दाखवायला लागले. जांभया थांबल्या.

त्या वर्गात एक मोठं माणूसही येऊन बसायचं. आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या तमिळ मामी. त्यांचे यजमान बाबांच्याच विभागात होते आणि घरात करमत नव्हतं, म्हणून त्या जवानांसाठी विणायला घेतलेला स्वेटर घेऊन मागच्या बाकावर बसायच्या. मराठी शिकायची त्यांची फार जिद्द. फक्त लिंगाशी त्यांचं भांडण होतं. ‘खुर्ची मोडला’ म्हणायच्या, मी ‘मोडली’ म्हटलं की चिडायच्या. एकदा सुया खाली ठेवून त्यांनी मला हिंदी-मराठीत मिसळून विचारलं, “खुर्ची औरत आहे, हे तुम लोगांना कोणी सांगितलं?”

त्यांच्या भाषेत माणसं तेवढी बाई आणि पुरुष. देवांनाही तो मान आहे. बाकी खुर्ची, गाय, पाऊस, सगळं एका रांगेत, ‘ते’. मला ती व्यवस्था आपल्यापेक्षा शहाणी वाटली आणि मी तसं बोलूनही दाखवलं. मग मुलांना सांगितलं की मराठीत तीन लिंगं, हिंदीत दोन, आणि मामींना एकाच वेळी दोन्ही भाषा शिकायच्या आहेत. हिंदीतली पुस्तक बाई आहे, आपलं पुस्तक ना बाई ना बुवा. मुलांना मामींची कीव आली. त्यानंतर कोणीही त्यांना हसलं नाही, आणि गंमत म्हणजे स्वतः ‘माझी पुस्तक’ म्हणणारी मुलं मामींना ‘माझं’ म्हणायला शिकवता शिकवता सुधारली.

दिवाळीच्या सुमाराला कारखान्यात एक नवे अधिकारी बदलून आले. त्यांच्या पत्नी पुण्याकडच्या, शिकलेल्या, आणि महिन्याभरात मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. वयाने आईएवढ्या, म्हणून मी त्यांना काकू म्हणायचे. बाई कामाच्या होत्या, हे मी आधीच सांगून ठेवते. लढाई लागली तेव्हा खिडक्यांना लावायचा काळा कागद घरोघरी त्यांनी पोचवला. लोकरीचे गुंडे वाटले, विणलेले स्वेटर गोळा करून पाठवले. क्वार्टरांसमोर खंदक खणले गेले तेव्हा म्हाताऱ्या माणसांना उतरायला पायऱ्या नाहीत हे त्यांच्याच लक्षात आलं.

पण आमचं बोलणं त्यांच्या कानाला खुपायचं. एका रविवारी मला उशीर होत होता आणि हॉलची किल्ली त्यांच्याकडे होती. मी दूध आणायला गेलेल्या त्या मुलीला पुढे पाठवलं. तिने निरोप दिला, “ताई येऊन राहिल्या.” म्हणजे ताई येतायत, थांबा. काकूंनी ऐकलं की ताई कुठेतरी येऊन मुक्कामाला राहिल्यात, तेव्हा आज वर्ग नाही. त्या किल्ली घेऊन घरी गेल्या. मी पोचले तर दाराला कुलूप आणि पायरीवर मुलं. पुढच्या बैठकीत त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला. सगळ्या हसल्या, मीही हसले. खरंच हसण्यासारखं होतं. हसून झाल्यावर काकू म्हणाल्या, आता हे सुधारायला हवं.

पुढच्याच रविवारी त्या वर्गात आल्या. लढाई पेटलेली होती, सायरनचा सराव नुकताच होऊन गेला होता आणि मुलांच्या डोक्यात तेच घोळत होतं. म्हणून मी फळ्यावर ‘भोंगा’ आणि ‘सायरन’ शेजारी शेजारी लिहिले होते. भोंग्याचं भोंगणं झालं, मग सायरनचं सायरनणं काहून होत नाही? मुलं म्हणाली, सायरन होतो, सायरन वाजतो, सायरन करतात. मामींना विचारलं तर तमिळमध्येही तेच. इंग्रजी शब्द आला की ते त्याच्या मागे आपलं ‘करणं’ लावतात, ‘पण्णु’. आपलंही तसंच, हिंदीचंही तसंच. पाहुण्या शब्दाला आपले प्रत्यय थेट चिकटवायला आपल्या या तिन्ही भाषा बिचकतात, त्याच्या हाताशी घरचं एक क्रियापद देतात आणि म्हणतात, आता तू चाल. खाली मी वाक्यं लिहिली होती: बाबा भोंगून राहिले. मामी स्वेटर विणून राहिल्या.

काकूंनी फळा वाचला. मग टेबलावरचा डस्टर उचलला आणि वरपासून खालपर्यंत सगळं पुसून टाकलं. मुलांसमोर. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ही मराठी नव्हे, ही हिंदीची उष्टी भाषा आहे. शुद्ध शिकवता येत नसेल तर शिकवू नकोस.”

त्या गेल्यावर मी मुलांना घरी पाठवलं. मामी मात्र बसून राहिल्या. पुसलेल्या फळ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, ‘विणून राहिली’ यात चूक काय? मी म्हटलं, त्या म्हणतात हे हिंदीतून आलंय, ‘बुन रही है’मधून. मामींनी थोडा विचार केला आणि त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते हळूहळू तोडून सांगितलं. सेय्दु, कोण्डु, इरुक्किरेन. पहिला शब्द ‘करून’. दुसरा ‘घेऊन’. तिसरा ‘आहे’, पण त्याचाच अर्थ ‘राहतो’ही होतो, घरात राहतो त्यातला. म्हणजे करून, घेऊन, राहिलो. त्यांच्या मद्रासकडच्या गावात हिंदी बोलणारं एकही माणूस नव्हतं.

मी घरी आले ती भांडणाच्या तयारीनेच. आईला भाजी निवडताना सगळं सांगितलं. ती घाबरली. काकूंचे यजमान बाबांच्या साहेबांचे साहेब होते, आणि त्याच वर्षी बाबांचं नाव चार्जमनच्या, म्हणजे बढतीच्या जागेसाठी गेलेलं होतं. “काहून भांडून राहिली तू?” ती म्हणाली. “दोन शब्द त्यांच्या मनासारखे शिकवले तर काय बिघडते?” मला तिचा राग आला नाही. तिचं भय खरं होतं.

बाबा पाळीवरून आले, हात धुतले, जेवायला बसले. आईनेच विषय काढला, मला समजवा म्हणून. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. दारूच्या विभागात काम करणारी माणसं हळू बोलतात, हळू हलतात, घरीसुद्धा. म्हणाले, “कारखान्यात साहेब सांगतील तसं करतो. माझी आई कशी बोलायची, ते चूक होतं का, हे साहेबांनी मला सांगायचं नाही.” मग भात मागितला. माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

संक्रांतीला मंडळाचं हळदीकुंकू होतं. लढाई संपली होती, काळे कागद खिडक्यांवरून निघाले होते, बायका शहरातल्या सदर बाजारातून नवी लुगडी आणि बांगड्या घेऊन आल्या होत्या. तिळगूळ वाटून झाल्यावर काकूंनी वर्गाचा विषय घेतला. पुण्याहून त्यांनी पुस्तकं मागवली होती. त्याबरहुकूम शिकवायचं, आणि वर्गात ‘काहून’ आणि ‘करून राहिलो’ चालणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मी उभी राहिले.

मी आधी ‘काहून’ घेतलं. म्हटलं, गावाहून, दुकानाहून, जबलपूरहून, यातलं जे ‘हून’ आहे तेच हे. काय, आणि त्याला हून. कशापासून? कोणत्या कारणापासून? संस्कृतात ‘का’ विचारायला ‘कस्मात्’ म्हणतात, तेही अगदी असंच बनलेलं, ‘कशापासून’. संस्कृतात ते शोभतं आणि आमच्या तोंडी ते अडाणी कसं होतं, ते मला समजावून सांगा. मग दुसरं घेतलं. हिंदीवाला ‘कर रहा’ म्हणतो, नुसता ‘कर’. आमच्या ‘करून’मधलं ‘ऊन’ हिंदीत नाही, ते अस्सल मराठी आहे, तुमच्या ‘जेवून आले’मधलंच. वळण शेजाऱ्याशी मिळतं असेल, माल घरचा आहे. आणि मामी बसल्या होत्या, त्यांच्याकडून मी तो तमिळ शब्द सगळ्यांसमोर वदवून घेतला.

काकू ऐकत होत्या, मला मध्ये तोडलं नाही. मग त्यांनी जे विचारलं ते मला अजून आठवतं, कारण प्रश्न चांगला होता. “मग मुलं ‘माझी पुस्तक’ म्हणतात, तेही बरोबर म्हणशील?”

मी म्हणाले, नाही, ते मी सुधारते. कारण त्यांच्या आज्या ‘माझं पुस्तक’ म्हणतात. घरात जो नियम अजून जिवंत आहे तो मुलांच्या हातून सुटू नये म्हणून मी शिकवते. पण ‘करून राहिलो’ आज्याच म्हणतात. तिथे नियम मोडलेला नाही, तिथे तोच नियम आहे.

पुढे कधीतरी सगळ्या आज्याच ‘माझी पुस्तक’ म्हणायला लागल्या तर मी काय करणार होते, हे तिथे कोणी विचारलं नाही. मी मात्र ते स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. तसं झालं तर मला ते मान्य करावं लागेल. जड जाईल.

काकूंचं शेवटचं म्हणणं असं होतं की ही मुलं उद्या पुण्या-मुंबईला नोकरीला जातील आणि लोक त्यांना हसतील, त्या हसण्यापासून आपल्याला त्यांना वाचवायचं आहे. त्यात खोटं काही नव्हतं. मी म्हणाले की ‘करत आहे’ही मी शिकवतेच, दोन्ही आलेली बरी. पण जे आईकडून आलं ते चूक आहे असं मी कुठल्याही मुलाला सांगणार नाही. तसं सांगायचं असेल तर दुसरं कोणी बघा.

त्यांनी दुसरं कोणी बघितलं. मंडळाच्या चिटणीसबाईंनी मध्ये पडून थोडं तुझं, थोडं त्यांचं, असं जमवायचा प्रयत्न केला. बाकीच्या बायका हळदीकुंकवाच्या ताटाकडे बघत राहिल्या. त्यांच्यातली प्रत्येक जण घरी आमच्यासारखंच बोलायची. एकीनेही तोंड उघडलं नाही, आणि हे मला काकूंच्या डस्टरपेक्षा जास्त लागलं. बाहेर पडताना मामी तेवढ्या बरोबर आल्या, आणि आई. आई रस्त्यात एवढंच म्हणाली की पाय कापून राहिले होते तुझे, मी पाहिलं, पण आवाज नाही कापला.

पुढच्या रविवारी मी आमच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली. तीन-चार मुलं आली आणि मामी. हॉलमध्ये पुण्याच्या पुस्तकांचा वर्ग भरला, तिथे गर्दी होती. मी घराघरांत बोलवायला गेले नाही. उन्हाळ्यापर्यंत हॉलमधल्या मुलांना कंटाळा आला आणि ती एकेक करून व्हरांड्यात यायला लागली. त्या वर्गाच्या बाई एकदा मला पाण्याच्या टाकीपाशी भेटल्या आणि म्हणाल्या, बरं झालं, मलाही शुद्ध बोलता बोलता धाप लागत होती. मी त्यांना हसले नाही.

बाबांचं नाव त्या वर्षी निघालं नाही. आई म्हणायची, त्या भांडणामुळेच. बाबा म्हणायचे, पुढे सीनियर माणसं होती, त्यांचा हक्क आधी. खरं काय ते आम्हाला कधीच कळलं नाही. पुढे दोन वर्षांनी ते चार्जमन झाले. त्या मधल्या दोन वर्षांत त्यांनी एकदाही मला वर्ग बंद कर म्हटलं नाही, आणि मी एकदाही विचारलं नाही की करू का.

काकू समोर आल्या की मान दुसरीकडे वळवायच्या. मीही वळवायचे. त्यांची बदली झाली तेव्हा मंडळाने निरोपसमारंभ केला, मी गेले नाही. जायला हवं होतं असं काहींनी सुचवलं. मला तसं वाटत नाही. त्यांनी खंदकाला पायऱ्या करून घेतल्या याबद्दल मला त्यांचा आदर आहे आणि मुलांसमोर फळा पुसला याबद्दल नाही. दोन्ही गोष्टी माझ्या मनात आपापल्या जागी आहेत.

नंतर मला सदरच्या एका शाळेत हिंदी शिकवायची नोकरी लागली. रविवारी शाळेचीच कामं असायची. वर्ग बंद पडायची वेळ आली तेव्हा मामी म्हणाल्या, मी घेते. मला आधी वाटलं त्या थट्टा करून राहिल्या. पण त्यांनी खरोखरच घेतला, आमच्या शेजारच्या व्हरांड्यात, आणि यजमान निवृत्त होऊन गावी जाईपर्यंत चालवला. एका तमिळ बाईने मराठी घरांतल्या मुलांना मराठी शिकवली. खुर्ची कधीमधी अजूनही त्यांच्या तोंडी पुरुष व्हायची. मुलं सुधारून द्यायची आणि त्या निमित्ताने स्वतः शिकायची.

नव्याने बदलून आलेल्या एका गृहस्थांनी एकदा मला वाटेत अडवून तक्रार केली. मुलीला त्या बाईंकडे पाठवलं, तर ती घरी येऊन ‘मी अभ्यास करून राहिली’ म्हणते. ज्यांची मातृभाषा मराठी नाही त्यांनी मराठी काय शिकवावी, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, मुलगी वर्गात जायच्या आधी घरी काय म्हणायची? ते जरा घुटमळले. म्हणाले, आधी ती हिंदीतच बोलायची.

“मग आता मराठीत बोलून राहिली ना,” मी म्हटलं, आणि बस आली म्हणून निघाले.